सराफाची कसोटी आणि शास्त्रज्ञांचा कणझोत

जळगांवच्या सराफ बाजारांत एखादें कुटुंब लग्नाच्या खरेदीपूर्वीं जुने दागिने मोडावयास घेऊन जातें, तेव्हां सराफ जी परीक्षा करतो ती मोठी साधी असते. काळ्या कसोटीच्या दगडावर तो दागिना हलकेच घासतो, उमटलेल्या पिवळ्या रेघेशेजारीं माहितीच्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढतो, तेजाबाचा थेंब टाकतो, आणि रंग पाहून सोन्याचा कस सांगतो. दागिना वितळवावा लागत नाहीं. गुंजेच्याहि कितीतरी कमी अंशानें काम भागतें. अलीकडे या दगडाच्या जोडीला पेढीवर एक लहानशी पेटी आली आहे. दागिना आंत ठेवून झांकण लावलें कीं सोनें किती, चांदी किती, तांबें किती हे आंकडे कांहीं क्षणांत पडद्यावर उमटतात. ही पेटी धातूवर क्ष-किरणांचा मारा करते आणि त्याला उत्तर म्हणून धातूंतून निघणारे क्ष-किरण मोजते.

तथापि जुना, मुरलेला सराफ या पेटीवर सर्वस्वी विसंबत नाहीं. पेटीची दृष्टि वरच्या थरापुरती असते. वर सोन्याचा भरपूर मुलामा आणि आंत भलताच धातु अशी वस्तु पुढें आली, तर पेटी निःशंकपणें चुकीचें उत्तर देते. म्हणून तो दागिना तळहातावर तोलून पाहतो, एखाद्या कोपऱ्यांत कानस लावतो, आणि मगच भाव बोलतो.

पुराणवस्तूंच्या संशोधकापुढें हीच अडचण फार मोठ्या स्वरूपांत उभी राहते. दागिना चुकून बिघडला तर सोनार दुसरा घडवील. परंतु तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वींचा तांब्याचा मणि एकदां तेजाबांत विरघळला कीं तो पुन्हां कोणी घडवूं शकत नाहीं. जुन्या रासायनिक पृथक्करणाला वस्तूचा तुकडा लागे. तुकडा द्यावा तर वस्तु विद्रूप होते. न द्यावा तर ती मुकी राहते. या पेचांतून सुटण्याचे जे मार्ग गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत निघाले, त्यांत कणझोताचा, म्हणजे वेगवान आयनांच्या झोताचा, मार्ग प्रमुख आहे.

आयन म्हणजे विद्युद्भार चढलेला परमाणु. हायड्रोजनच्या परमाणूजवळचा एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला कीं उरतो तो प्रोटॉन. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढले कीं उरतो तो आल्फा-कण. या कणांना निर्वात नळींतून प्रचंड विद्युद्दाबानें पुढें रेटलें, कीं त्यांना विलक्षण वेग येतो. तीस लाख व्होल्टांच्या दाबांतून गेलेला प्रोटॉन सेकंदाला सुमारें २४,००० किलोमीटर वेगानें धांवतो. असा बारीक झोत नाण्यावर किंवा मण्यावर सोडला, म्हणजे तीन निरनिराळ्या घटना एकाच वेळीं घडूं लागतात.

पहिली घटना अशी. धांवता प्रोटॉन परमाणूच्या अगदीं आंतल्या कक्षेंतील एखादा इलेक्ट्रॉन उडवून लावतो. तेथें पडलेली पोकळी भरून काढण्यास बाहेरच्या कक्षेंतील इलेक्ट्रॉन आंत उतरतो, आणि उतरतांना त्याच्याजवळची जादा शक्ति क्ष-किरणाच्या रूपानें बाहेर पडते. या किरणाची शक्ति प्रत्येक मूलद्रव्याची ठराविक असते. तांब्याचा किरण निराळा, जस्ताचा निराळा, लोखंडाचा निराळा. कासाराच्या दुकानांत गृहिणी भांडें बोटानें वाजवून पाहते आणि नादावरून ओळखते, त्यांतलाच हा प्रकार. हे नाद परमाणुक्रमांकाबरोबर नियमित चढत जातात, असा नियम इंग्लंडांतील मोझली या तरुण शास्त्रज्ञानें १९१३ सालीं दाखवून दिला. पुढें स्वीडनमधील लुंड विद्यापीठांत १९७० सालीं प्रोटॉनांचा झोत व नव्या पद्धतीचा सूक्ष्म किरणमापक यांची सांगड घालण्यांत आली, आणि ‘पिक्सी’ या नांवानें ओळखली जाणारी पद्धति जन्मास आली. सराफाच्या पेटींतील क्ष-किरण आणि हा प्रोटॉनांचा झोत हे भाऊभाऊ आहेत; पण प्रोटॉनांच्या माऱ्यांत इतर गोंगाट पुष्कळ कमी असल्यामुळें दहा लाख भागांत कांहीं थोडे भाग असलेलें द्रव्यहि ओळखूं येतें. शिवाय प्रोटॉनांना चुंबकांच्या योगानें एका बिंदूवर आणतां येतें. मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जागेची परीक्षा त्यामुळें शक्य होते.

दुसरी घटना क्वचित् घडते, पण तिचा इतिहास मोठा आहे. कांहीं कण परमाणूच्या जड केंद्रावर आदळून आल्या वाटेनें परत फिरतात. मँचेस्टर येथें १९०९ सालीं गायगर आणि मार्सडेन यांनीं सोन्याच्या वर्खावर आल्फा-कण सोडले, तेव्हां त्यांतले कांहीं उलट फिरलेले पाहून रदरफोर्ड चकित झाला, आणि त्याच विचारांतून १९११ सालीं परमाणुकेंद्राची कल्पना पुढें आली. परत येणारा कण आपली किती शक्ति गमावून आला, हें तो कोणावर आदळला यावर अवलंबून असतें. गोटी जात्यावर आपटली तर जवळजवळ त्याच वेगानें परतते. दुसऱ्या गोटीवर आपटली तर आपला बराचसा वेग तिला देऊन बसते. सोन्याच्या केंद्रावरून समोरासमोर परतलेला आल्फा-कण आपल्या शक्तीचा सुमारें ९२ टक्के भाग राखतो, तांब्यावरून परतलेला ७८ टक्के, तर प्राणवायूवरून परतलेला अवघा ३६ टक्के. याशिवाय थरांत खोल शिरून परतणारा कण वाटेंतहि थोडी शक्ति गमावतो. त्यामुळें कोणतें द्रव्य किती खोलीवर आहे हें कळतें, आणि सोन्याच्या मुलाम्याची जाडी तो न खरवडतां मोजतां येते. १९६७ सालीं ‘सर्व्हेयर’ यानांपैकीं पांचव्या यानानें चंद्रावर उतरून तेथील मातीची परीक्षा केली ती याच तत्त्वावर.

तिसरी घटना हलक्या मूलद्रव्यांची. सोडियम, बोरॉन, लिथियम, फ्लुओरिन यांचे क्ष-किरण इतके दुबळे असतात कीं ते मापकापर्यंत पोहोंचतच नाहींत. पण प्रोटॉन त्यांच्या केंद्राला डिवचतो, आणि तेथून गॅमा-किरण निघतात. ते मात्र खणखणीत असतात. प्राचीन कांचेच्या अभ्यासाला याचा फार उपयोग आहे. वाळू वितळविण्यासाठीं कारागिरानें झाडांची राख वापरली कीं खाऱ्या जमिनीवर फुललेला खार वापरला, हें कांचेतील सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांच्या प्रमाणावरून ताडतां येतें.

हीं यंत्रें कांहीं पेढीवर मांडण्याजोगीं नाहींत. त्यांना मोठ्या इमारती लागतात. मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारांत १९८८ सालाच्या अखेरीपासून पेलेट्रॉन नांवाचें यंत्र चालत आलें आहे. पण त्याचें मुख्य काम अणुकेंद्रांच्या अभ्यासाचें. तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत २००० सालीं आयनांचें दुसरें एक त्वरणयंत्र सुरू झालें, आणि तेथील रसायनशास्त्रज्ञांनीं कांचेसारख्या पदार्थांतील हलकीं द्रव्यें गॅमा-किरणांवरून मोजण्याचें काम केलें. भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेंत तीस लाख व्होल्टांचें पेलेट्रॉन आहे. तेथें प्राचीन आहत नाण्यांची, म्हणजे ठसे मारलेल्या चांदीच्या नाण्यांची, परीक्षा याच रीतीनें झाली. ती नाणीं निर्वात पात्रांत कोंबावीं लागलीं नाहींत. झोतच एका पातळ पडद्यांतून बाहेर हवेंत आणण्यांत आला. फ्रान्सची सर्वांत धाडसी कल्पना अशी कीं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानें स्वतःच्या वाड्याखालीं, तळघरांतच, असें यंत्र बसविलें. बाबिलोनच्या एका अलाबास्टर दगडाच्या स्त्रीमूर्तीच्या डोळ्यांत बसविलेले तांबडे खडे माणकें आहेत, आणि तीं ब्रह्मदेशांतून गेलेलीं असावींत, हें तेथेंच उलगडलें. मूर्तीचा डोळा काढावा लागला नाहीं.

खानदेशच्या उंबरठ्यावर अजिंठा आहे. तेथील भित्तिचित्रांतील गर्द निळा रंग राजावर्ताचा, म्हणजे लाजवर्दाचा; आणि हा दगड या देशांत निघत नाहीं, तो अफगाणिस्तानांतील बदक्षानकडून येई असा समज आहे. इटलींत तोरिनो येथील संशोधकांनीं अफगाणिस्तान, पामीर, सैबेरिया व चिली या ठिकाणचा राजावर्त कणझोतानें वेगवेगळा ओळखण्याची पद्धति बसविली आहे. अजिंठ्याची भिंत उचलून प्रयोगशाळेंत नेतां येत नाहीं हें उघड आहे. पण गळून पडलेल्या रंगाच्या कणाला बोलावयास लावण्यास टांचणीच्या डोक्याएवढा ऐवजहि पुष्कळ होतो.

धुळ्याकडे वळलें कीं या विद्येची मर्यादाहि दिसूं लागते, आणि ती सांगणें अवश्य आहे. कारण नवीन यंत्राचें कौतुक करतांना मर्यादेचा उल्लेख करण्याचा कंटाळा पुष्कळांना असतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालाच्या शेवटच्या दिवशीं धुळ्यास निवर्तले, आणि त्यांनीं गांवोगांव पायपीट करून जमविलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठीं १९२७ सालीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ निघालें. समर्थ वाग्देवता मंदिरांतहि हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. आतां युरोपांत फ्लॉरेन्स येथें गॅलिलिओच्या हस्तलिखितांवर कणझोत सोडून मोठी कामगिरी झाली. त्याच्या हिशेबाच्या नोंदींवर तारखा होत्या, गतिशास्त्राच्या टिपणांवर नव्हत्या; शाईंतील लोखंड, तांबें, जस्त यांचीं प्रमाणें ताडून कोणतें टिपण कोणत्या सुमाराचें हें ठरविण्यांत आलें. मग हीच युक्ति धुळ्याच्या मोडी कागदांना कां लावूं नये?

अडचण शाईंत आहे. युरोपांतील ती शाई मायफळ आणि हिराकस यांची, म्हणजे लोखंडाची. मोडी कागदांवरची शाई बहुधा काजळ आणि डिंक यांची. म्हणजे मुख्यतः कार्बन. कार्बनचा क्ष-किरण अत्यंत दुबळा, आणि खालचा कागदहि कार्बनचाच. तेव्हां झोताच्या दृष्टीनें अशी शाई जवळजवळ अदृश्य! कागदांतील खनिजें, शाई सुकविण्यासाठीं वर टाकलेली वाळू, एखाद्या रंगीत मथळ्यांतील हिंगूळ, एवढेंच काय तें बोलेल. शिवाय झोत अगदींच निरुपद्रवी असतो असें नाहीं. तो जोरकस किंवा फार वेळ ठेवला तर कागद पिवळा पडतो, कांच काळवंडते. म्हणून प्रवाह अतिशय सौम्य ठेवून थोड्या मिनिटांतच काम उरकावें लागतें.

वनस्पतींच्या बाबतींत असा संकोच बाळगावा लागत नाहीं. पान वाळवून त्याची गोळी दाबली तरी कोणाची तक्रार नसते. रावेर-यावल भागांतील केळीबागा पोटॅशच्या मोठ्या भुकेल्या असतात. उलट चुनखडीच्या काळ्या जमिनींत लोह आणि जस्त भरपूर असूनहि मुळांच्या हातीं लागत नाहीं, आणि पानें पिवळीं पडूं लागतात. साध्या रासायनिक परीक्षेनें सबंध पानाची सरासरी कळते. सूक्ष्म कणझोत पानाच्या किंवा मुळाच्या पातळ कापावर ओळीओळीनें फिरविला, तर पोटॅशियम शिरेंत किती, जस्त सालींत अडकलें कीं आंत पोहोंचलें, याचा नकाशाच हातीं येतो. स्लोव्हेनियांतील लुब्लियाना येथें धान्याच्या दाण्यांचे असे नकाशे काढलेले आहेत. अर्थात् बागायतदाराला खताची मात्रा ठरवावयास एवढ्या खटाटोपाची गरज नाहीं. त्याला माती परीक्षेची चिठ्ठी पुरे.

परंतु कणझोताची खरी कसोटी लागावी असा प्रश्न खानदेशाला निराळाच आहे, आणि तो तांब्याचा आहे.

तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या कांठीं चार हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं खेडीं सांपडलीं आहेत. गिरणेकांठीं चाळीसगांव तालुक्यांतील बहाळ येथें मधुसूदन नरहर देशपांडे यांनीं १९५२-५३ आणि १९५६-५७ सालीं उत्खनन केलें. तापी-गोमाई संगमावर प्रकाशें येथें १९५४-५५ सालीं बी. के. थापर यांनीं खणलें. हें गांव तेव्हां पश्चिम खानदेशांत होतें, आतां नंदुरबार जिल्ह्यांत आहे. साक्री तालुक्यांतील कवठें येथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत काम केलें. तापीकांठच्या सावळदा गांवावरून या आद्य शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला सावळदा संस्कृति असें नांव मिळालें. हे लोक दगडाचीं पातीं वापरीत आणि तांब्याच्या मोजक्या वस्तु बाळगीत. परंतु खानदेशचा खडक काळा कातळ आहे. त्यांत तांब्याच्या खाणी नाहींत. मग हें तांबें राजस्थानांतून आलें, गुजरातेंतून आलें, कीं मध्य भारतांतून? त्या काळचे रस्ते, देवघेव, कोणाचा कोणाशीं संबंध, या सर्वांचें उत्तर त्या लहानशा तुकड्यांत दडलेलें आहे.

या प्रश्नाला धार आली ती दायमाबादमुळें. अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत प्रवरेकांठीं असलेल्या या स्थळाचा सर्वांत खालचा थर सावळदा संस्कृतीचाच आहे, म्हणजे नातें सरळ खानदेशाशीं आहे. तेथें १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्याला एका झुडपाच्या बुडाशीं खोदतांना धातूच्या चार मूर्ति सांपडल्या. दोन बैलांचा रथ आणि त्यांत उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा, रेडा. सर्वांचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक. एवढी धातुसंपत्ति त्या काळच्या महाराष्ट्रांतील दुसऱ्या कोणत्याहि खेड्यांत दिसलेली नाहीं. पण मूर्ति रीतसर उत्खननांत, थरासह मिळालेल्या नव्हत्या; त्यामुळें त्यांचा काळ वादाचा झाला. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनीं परिस्थितीचा पुरावा पाहून त्या उत्तर-हडप्पा काळच्या ठरविल्या. डी. पी. अग्रवाल यांनीं धातूचें पृथक्करण पुढें केलें. त्यांत सोमल, म्हणजे आर्सेनिक, एक टक्क्याहून अधिक निघालें; ताम्रपाषाणयुगाच्या इतर वस्तूंत सोमलाची अशी मिसळ आढळली नव्हती; सबब या मूर्ति पुढच्या ऐतिहासिक काळच्या असाव्यात, असा त्यांचा युक्तिवाद. सोमलाच्या एका टक्क्यावर दीड-दोन हजार वर्षांचा फरक पडावा, ही गोष्ट लहान नव्हे.

असा वाद कणझोत चुटकीसरशी मिटवील असें वाटणें स्वाभाविक आहे. पण येथें सराफाच्या पेटीची गोष्ट आठवावी. तीस लाख व्होल्टांचा प्रोटॉन तांब्यांत शिरून शिरून किती शिरेल? मिलीमीटरच्या शंभर भागांपैकीं तीन-चार भाग. एवढ्या जाडींत जुन्या धातूवर केवळ हिरवा गंज असतो. मातींत पडून राहिल्यानें वरचें तांबें झिरपून जातें आणि कथील मागें उरतें. म्हणून वरची परीक्षा कथील फुगवून सांगते. सोमल तर आणखी लबाड. ओतीव वस्तु थिजतांना तें आंतून बाहेरच्या कवचाकडे येतें, कधीं कधीं तर पृष्ठभागावर चांदीसारखी झांक आणतें. दुसरी खोच किरणांचीच. सोमलाचा मुख्य क्ष-किरण आणि शिशाचा एक प्रमुख क्ष-किरण यांच्या शक्ति जवळजवळ एकच आहेत. दोघे एकाच आवाजांत बोलतात. धातूंत शिसें असेल, तर त्याचाच नाद सोमल म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. निष्णात संशोधक अशा वेळीं दोहोंचे दुय्यम किरण तपासून वांटणी करतो. घाईचा संशोधक फसतो.

आणि तांबें कोठून आलें, याचें उत्तर नुसत्या प्रमाणांवरून मिळणें अवघडच. जुना तांबट मोड गोळा करून पुन्हां वितळवी. दोन-चार खाणींचा माल एका मुशींत पडे. शिशाच्या निरनिराळ्या वजनांच्या परमाणूंचें गुणोत्तर खाणीची ओळख अधिक पक्की सांगतें. पण तें मोजावयास निराळें यंत्र आणि थोडा तरी तुकडा लागतो. कणझोतानें व्हावयाचें काम त्याच्या आधींचें आहे: शेंकडों लहान वस्तु, एकीलाहि इजा न करतां, एकाच मापानें चाळून काढावयाच्या, आणि तुकडा घ्यावयाचाच तर तो नेमका कोणत्या दोन-तीन वस्तूंचा, हें ठरवावयाचें.

म्हणूनच दायमाबादचा रथ एकटाच झोतासमोर ठेवून भागणार नाहीं. त्याच्या शेजारीं बहाळ, प्रकाशें, कवठें येथील ज्ञात थरांतून निघालेले तांब्याचे तुकडे ठेवावे लागतील, आणि त्यांतहि सोमल आहे कीं नाहीं हें त्याच यंत्रावर, त्याच हातानीं पाहावें लागेल. कारण ‘इतरत्र सोमल नाहीं’ हें विधान किती वस्तु तपासल्या यावरच उभें असतें. मूर्तीपुरतें पाहिलें तर बैलाच्या खुराखालीं, चाकाच्या आंतल्या कडेला, जेथें पाहणाराची नजर जात नाहीं तेथें, केसाच्या जाडीइतकी जागा गंज काढून उघडी करावी लागेल. झोताला तेवढी जागा पुरते.